प्रेषक : जित तुलाचन

जळू काढावी तर मीच. आमच्याकडे ट्रेकला येणाऱ्या कितीतरी गोऱ्या पोटऱ्यांवरच्या जळवा मी चिमूटभर मीठ टाकून बोलता बोलता काढल्या आहेत, त्या माणसाला पत्तासुद्धा लागत नाही. गालिच्यावरचा चहाचा डाग, पाहुण्यांच्या खोलीत शिरलेलं माकड, दारात ठाण मांडून बसलेला विम्याचा एजंट. पोखऱ्यात गौचनांच्या घरातून जे काही काढायचं असेल ते रुक्मा काढते, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. त्यामुळे आमचे हे जेव्हा म्हणाले, "रुक्मा, या कॉम्प्युटरमधून तुझ्या भावाचं नाव काढून टाक," तेव्हा मी पदराला हात पुसत म्हटलं, "चहाला उकळी येऊ दे, तोवर काढते."

चहाला उकळी आली. चहा आटला. भांडं करपलं. पण ते पुढचं.

आधी भावाचं सांगते. जितबहादूर तुलाचन, माझ्या पाठचा. माझे यजमान पूर्णमान गौचन आणि जित यांनी मिळून लेकसाइडला ट्रेकिंगची कंपनी काढली होती. यांनी वाटा, मुक्काम आणि ओझी वाहणारे भरिये ठरवायचे, जितने पाहुण्यांशी गोड बोलायचं, आणि मी दोघांना जेवायला घालून उरलेलं सगळं करायचं. छान चाललं होतं. मग यांनी पोस्टर छापलं.

पोस्टरसाठी दोघे फेवातालाच्या काठावर खांद्याला खांदा लावून उभे राहिले होते, मागे माछापुच्छ्रे. छापून आलं तेव्हा मधोमध जित दात काढून उभा, त्याच्यामागे पर्वत, आणि डाव्या कडेला एक कोपर. कोपर कुणाचं हे सगळ्या पोखऱ्याला कळलं, कारण स्वेटर मी विणलेला होता. जित म्हणाला, छापणाऱ्याने कापलं. हे म्हणाले, छापणाऱ्याच्या हातात कात्री कुणी दिली? तो आपल्या भिनाजूंना, बहिणीच्या नवऱ्याला, म्हणाला, तुमचं कोपरच जास्त बोलकं आहे. झालं. दुसऱ्या दिवशी जितने आपलं टेबल उचललं आणि रस्त्यापलीकडे, बरोबर आमच्या दारासमोर, स्वतःचं ऑफिस थाटलं. दोघांचं बोलणं बंद. तिहारला भाइटीकेला, म्हणजे भाऊबीजेला, तो आला, मी त्याच्या कपाळावर टीका लावला, ओवाळलं, आणि हे तेवढा वेळ गच्चीवर उभे राहून नसलेले कावळे हाकत होते.

आता कॉम्प्युटरचं. आमच्या मेलच्या प्रोग्राममध्ये पत्र लिहायला घेतलं की वर पाठवणाऱ्याचं नाव येतं. तिथे दोन नावं होती, जितचं आणि यांचं. पहिलं खातं जितने घातलेलं, म्हणून दरवेळी त्याचंच नाव आधी येऊन बसायचं. ते बदलायचं हे विसरायचे. त्यामुळे पत्र लिहायचे हे, आणि ते जायचं जित तुलाचनच्या नावाने. आणि जितने जाताना एक काम चोख केलं होतं. त्याच्या नावावर येणारं प्रत्येक पत्र त्याच्या नव्या ऑफिसात वळवून घेतलं होतं. म्हणजे आमच्या पत्रांची उत्तरं रस्त्यापलीकडे.

जित अप्रामाणिक नाही हो. पण मानी आहे. आलेली उत्तरं तो छापायचा आणि आपल्या ऑफिसच्या काचेवर आतून, आमच्याकडे तोंड करून चिकटवायचा. हे पक्षी बघायची दुर्बीण घेऊन दारात उभे राहायचे आणि गिऱ्हाइकांची पत्रं वाचायचे. येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटायचं, पूर्णमानदाजूंना पक्ष्यांचा नाद लागला. एका ऑस्ट्रेलियन बाईने थांबून विचारलंसुद्धा, कोणता पक्षी दिसतोय?

"घुबड," हे दुर्बीण न काढता म्हणाले.

अशी कामं किती दिवस चालणार? हॉलंडहून निवृत्त पोस्टमन लोकांचा एक मोठा गट येणार होता. जन्मभर चालूनही त्यांची हौस फिटली नव्हती. या मोसमातला आमचा सगळ्यात मोठा गट. त्यांच्या म्होरक्या विल्माबाई, त्याही पोस्टातल्याच. त्यांचं लांबलचक पत्र काचेवर लागलं, हे दुर्बीण लावून निम्म्यावर आले, आणि मध्ये फ्लॉवरने भरलेला ट्रक येऊन उभा राहिला. ट्रक हलला तेव्हा जित ऑफिस बंद करून नाश्त्याला गेलेला, पडदा ओढलेला. हे दुर्बीण टेबलावर आपटून म्हणाले, "बस. ते नाव आजच्या आज या घरातून गेलं पाहिजे."

म्हणून मी चहा ठेवला आणि कॉम्प्युटरसमोर बसले.

पाठवणाऱ्याच्या नावावर टिचकी मारली. खाली दोन नावं उघडली. जितच्या नावावर टिचकी मारली, तर ते वर जाऊन बसलं. पुन्हा मारली, तिथेच. लहानपणी जेवताना उठवायचा प्रयत्न केला की जित असाच बसायचा. मग मी आत शिरले. आत आणखी आत जायचं दार होतं. तिथे खात्यांची यादी सापडली, बाजूला 'काढा' अशा अर्थाचं बटण. यादीत दोन ओळी. माझं लक्ष अर्धं चुलीवर. मी एका ओळीवर टिचकी मारली, बटण दाबलं. त्याने काहीतरी विचारलं. खूप मोठं वाक्य होतं, शेवटी प्रश्नचिन्ह. एवढ्या नम्रपणे विचारतंय तर नाही कसं म्हणायचं? मी 'हो' म्हटलं.

यादीत एकच नाव उरलं. जित तुलाचन.

पूर्णमान गौचन गेले होते. आणि जाताना आपली सगळी पत्रं घेऊन गेले होते. स्वीडनची, कोरियाची, घोरेपानीच्या हॉटेलवाल्याची, सगळी. पोस्टमन लोक कुठल्या दिवशी, कशाने, किती जण येणार, तेही यांनी काचेवरून टिपून त्यातच ठेवलेलं. चहाचा करपलेला वास येत होता.

यांनी बाहेरून विचारलं, "गेलं का नाव?"

"गेलं," मी म्हटलं. ते खोटं नव्हतं.

आता काय करायचं? मी डोकं चालवलं. 'वि' अक्षर टाइप केल्याबरोबर यंत्राने विल्माबाईंचा पत्ता स्वतःच पुरा केला. माझं इंग्रजी "सावकाश, दगड निसरडा आहे" एवढ्यापुरतं. तरी धीर करून लिहिलं : 'इथे सगळं गेलं. आता काहीच आठवत नाही. तुम्ही कोण, किती आणि केव्हा येणार, कृपया पुन्हा सांगा.' पाठवलं. पाठवल्यावर वर पाहिलं. प्रेषक, जित तुलाचन. दुसरा पाठवणारा उरलाच कुठे होता?

म्हटलं, हरकत नाही. उत्तर जितच्या काचेवर येईल. मी हळूच वाचून घेईन.

दुपारी मी भात वाढत होते, तर हे खुशीत येऊन बसले. म्हणाले, "एक काम करून टाकलं. त्या विल्माबाईंना कळवलं. आता पुन्हा घोटाळा नको."

माझ्या हातातला डाव थांबला. "काय कळवलंत?"

"दोनच ओळी. 'जित आता आपल्यात नाही. यापुढे त्याच्या नावाने पत्र आलं तर त्यावर विश्वास ठेवू नये.' कसं?"

मी डाळ वाढली. जरा जास्तच वाढली, ताटाबाहेर गेली. हे म्हणाले, "आणि सही केली, 'व्यवस्थापक'. नावगाव नाही. उगाच आपलं नाव कशाला मिरवायचं?"

बाकी आयुष्यात यांनी इतका विनय कधी दाखवला नव्हता.

संध्याकाळच्या आधी समोरच्या काचेवर कागद लागला. या वेळी छापलेला नव्हता, जाड पेनाने लिहिलेला. हे सवयीने दुर्बीण घेऊन उठले, पण तिची गरज नव्हती. अक्षरं भोपळ्याएवढी होती.

'मी जिवंत आहे.'

यांनी दुर्बीण खाली ठेवली. "हे कुणाचं पत्र आहे?" मला म्हणाले. "त्याला कुणी विचारलं होतं का?"

मी म्हटलं, "काय माहीत बाई, असतात काही लोकांना शंका."

तेवढ्यात जितच्या ऑफिसचं दार उघडलं आणि तिहारचा टीका सोडला तर पोस्टरच्या भांडणानंतर पहिल्यांदा माझा भाऊ रस्ता ओलांडून आमच्याकडे आला. हातात मोबाइल, केस उभे. दारातच थांबला. आत यायचं तर भिनाजूंनी म्हणायला हवं, आणि भिनाजू छताकडे बघत होते.

"दिदी," तो म्हणाला, "तुझ्या नवऱ्याला विचार, मी केव्हा मेलो?"

"रुक्मा," हे म्हणाले, "त्याला सांग, असं मी कुठे म्हटलं?"

"दिदी, त्यांना सांग, हे ऐक." आणि जित वाचायला लागला. "सकाळी विल्माबाईंचं पत्र आलं, 'प्रिय मिस्टर जित, तुम्हाला काहीच आठवत नाही हे वाचून फार वाईट वाटलं. डोक्याला मार लागला आहे का?' मी लिहिलं, 'मी ठणठणीत आहे, ते पत्र मी लिहिलेलंच नाही.' त्यावर आता हे आलं, 'प्रिय मिस्टर जित, तुम्ही ठणठणीत आहात असं कळवल्यानंतर थोड्याच वेळात तुम्हीच कळवलंत की तुम्ही आता आपल्यात नाही, आणि तुमच्या पत्रावर विश्वास ठेवू नये. आम्ही सगळे फार काळजीत आहोत.' दिदी, मी माझ्याच मरणाची बातमी माझ्याच नावाने हॉलंडला दिली आहे."

हे छताकडून माझ्याकडे वळले. "त्याच्या नावाने कशी गेली? तू तर नाव काढलंस."

"काढलं," मी म्हटलं.

"कुणाचं?"

मी पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागले. हे कॉम्प्युटरपाशी गेले, वाकले, पाहिलं, आणि तसेच वाकलेले राहिले. जितनेही दारातून मान लांब करून पाहिलं. आणि मला ठाऊक आहे, त्याला हसू फुटत होतं, कारण त्याने ताबडतोब खोकायला सुरुवात केली.

"भिनाजू तर मुळासकट गेले की," तो म्हणाला.

"रुक्मा, त्याला सांग, हसायचं असेल तर रस्त्यापलीकडे जाऊन हस."

"दिदी, त्यांना सांग, पत्र अजून संपलेलं नाही." त्याचा आवाज बदलला. "'आम्ही काठमांडूला पोचलो आहोत. इथे तीन दिवस राहायचा बेत होता, पण असं कळल्यावर राहवत नाही. उद्या सकाळच्या बसने निघत आहोत. तोवर मिस्टर जितना एकटं सोडू नये.'"

मग मात्र कुणी खोकलं नाही. उद्या पोस्टमन लोकांची पलटण येणार आणि आमच्याकडे काय होतं? हॉटेलातल्या खोल्या तीन दिवसांनंतरच्या. आमचे गाइड दुसऱ्या गटाबरोबर वर घोरेपानीला. यांचा चेहरा पाहवेना. हा गट नाराज होऊन परत गेला तर यांचा मोसम गेला, आणि त्याहून वाईट म्हणजे शब्द गेला. शब्दाला हे फार जपतात.

"दिदी," जित बुटाकडे बघत म्हणाला, "त्यांना सांग, माझे गाइड मोकळे आहेत."

"रुक्मा, त्याला विचार, आणि खोल्या?"

"सांग, माझ्या वरच्या मजल्यावर पाच आहेत. बाकीच्यांना तुझ्याकडे."

"विचार त्याला, चादरी पुरतील का?"

दोघांत हातभर अंतर होतं आणि मी मध्ये मान इकडून तिकडे फिरवत होते. शेवटी म्हटलं, "आता तुमचं तुम्ही बोला. नाहीतर आज मी कुणाचं बोलणं कुणाच्या नावाने पोचवीन, याचा भरवसा नाही."

हे ऐकून दोघेही एकदम एकमेकांकडे वळले. हे म्हणाले, "आत ये. दारात काय उभा आहेस, माशा येतात."

तो आत आला. त्या दिवशी आमच्या घरी चादरींच्या घड्या घालण्यावरून त्यांचं पुन्हा भांडण झालं, पण ते समोरासमोर, तोंडी, व्यवस्थित झालं. मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दोघे मिळून बसपार्कवर गेले, मी खादे, स्वागताची रेशमी उपरणी, घेऊन मागे. बस आली. उंचच उंच, लालबुंद, पांढऱ्या केसांची माणसं एकामागून एक उतरली. सगळ्यात पुढे विल्माबाई. त्यांच्या एका हातात संत्र्यांची टोपली होती आणि दुसऱ्या हातात भलंमोठं पुष्पचक्र. दोन बातम्या आल्या होत्या, दोन्हींची तयारी करून आल्या होत्या बिचाऱ्या.

"मिस्टर जित?" त्यांनी यांनाच विचारलं.

हे एवढे गडबडले की म्हणाले, "नाही, मी गेलो. म्हणजे, मला काढलं. जित हा आहे. जिवंत."

विल्माबाईंनी टोपली खाली ठेवली, जितच्या कपाळाला हात लावला, डोळे निरखून पाहिले आणि मागे वळून आपल्या भाषेत काहीतरी म्हणाल्या. सगळ्या पलटणीने टाळ्या वाजवल्या. मग प्रश्न पुष्पचक्राचा आला. एवढं काठमांडूहून आणलेलं, फेकायचं कसं? जितनेच पुढे होऊन ते गळ्यात घालून घेतलं. त्यांना वाटलं, इथली रीतच आहे. मीही खादे घालायला सुरुवात केली. बसपार्कवरच्या लोकांनी विचारलं, जितदाजू निवडणुकीला उभे आहेत का?

जेवायला सगळे आमच्याकडे. भात, काळी डाळ, आंबवलेल्या पाल्याचं गुंद्रुक, मुळ्याचं लोणचं, टिमुरची चटणी. चटणीने पहिल्या घासाला पोस्टमन लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि दुसऱ्या वाढीला सगळ्यांनी ताटं पुढे केली. जित पंगतीच्या टोकाला बसला होता. कित्येक महिन्यांनी तो माझ्या हातचं जेवत होता. मी गुंद्रुक वाढत राहिले. तेवढ्यात यांनी आपल्या ताटातली तुपाची वाटी उचलली आणि त्याच्या भातावर ओतली. पाहुण्यांना दिसेल असं नाही. मला दिसेल असं.

जेवणानंतर हे उभे राहिले आणि झाला प्रकार समजावून सांगू लागले. पाठवणाऱ्याचं नाव, दोन खाती, एक खातं गेलं, एक राहिलं. हातवारे करून, फळ्यावर बाण काढून. पोस्टमन लोकांनी अतिशय शांतपणे ऐकून घेतलं. शेवटी विल्माबाईंनी यांचा हात थोपटला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "समजलं. तुम्ही त्यांना किती सांभाळून घेता."

म्हणजे काही समजलं नव्हतं. जितच्या डोक्यावर परिणाम झालाय आणि हा सज्जन माणूस ते झाकतोय, असं त्यांचं ठरलं होतं. हे पुन्हा फळ्याकडे वळणार, तर जितने यांची बाही ओढली. "राहू द्या, भिनाजू. बाई मला संत्रं सोलून देतायत."

आणि मग सगळा ट्रेक तसाच झाला. जितला कुणी काही उचलू देईना. चढावर दोन्ही बाजूंनी दोन पोस्टमन त्याला धरून चालत. सकाळी कुणी त्याला आजचा वार विचारी, आणि त्याने बरोबर सांगितला की सगळे खूश. पूनहिलला सूर्य उगवताना सगळे माना वर करून हिमालय बघत होते, आणि विल्माबाई जितला बोट दाखवून पर्वतांची नावं शिकवत होत्या. हे मागून सगळ्यांच्या पिशव्या घेऊन धापा टाकत. खाली आल्यावर मला म्हणाले, "पुढच्या वेळी डोक्यावर परिणाम माझ्या होईल. ठरलं."

जाताना पोस्टमन लोक जितला मिठ्या मारून रडले. हेही रडले. का ते विचारल्यावर म्हणाले, वाऱ्याने पाणी आलं.

दोघांनी पुन्हा एकत्र ऑफिस केलं का? नाही. दोघेही म्हणतात, समोरासमोर बरं असतं, लक्ष राहतं. यांची पत्रं बाजारातल्या एका कॉम्प्युटरच्या दुकानदाराने परत आणून दिली. ती कुठे गेलीच नव्हती म्हणे. त्यानेच विचारलं, जितचं नाव काढू का? हे म्हणाले, असू दे, कुणाला त्रास आहे त्याचा? मी तर आता त्या यंत्रावरची धूळसुद्धा लांबून फुंकते.

फक्त एक झालं. पोस्टमन लोक घरी गेले ते खऱ्याखुऱ्या पोस्टाने कार्डं पाठवायला लागले. कधी ट्युलिपचं चित्र, कधी पवनचक्कीचं, आणि मागे प्रत्येकाच्या वळणदार अक्षरात, 'प्रिय मिस्टर जित, आता कसं वाटतंय?' जन्मभर दुसऱ्यांची पत्रं वाटली, आता स्वतः लिहिण्याची हौस. कुणी चॉकलेट जोडतं, कुणी लोकरीची टोपी. ते सगळं येतं आमच्या पत्त्यावर, कारण रुग्णाची काळजी घेणारे गृहस्थ तिथे राहतात. त्यामुळे चार-आठ दिवसांनी जितला रस्ता ओलांडून यावंच लागतं. आला की जेवूनच जातो.

कालच एक कार्ड आलं. यांनी चष्मा लावून वाचलं, चॉकलेटचा तुकडा तोडून तोंडात टाकला, उरलेलं जितकडे सरकवलं आणि पेन उघडून विचारलं, "बाई विचारतायत, तब्येतीत काही सुधारणा? काय लिहू?"

जितने चॉकलेट चघळत जरा विचार केला. म्हणाला, "लिहा, अजून म्हणावा तसा फरक नाही."

यांनी लिहिलं.